पूर्व रोंगबुकचे तोंड: एव्हरेस्टच्या उत्तर बाजूच्या १९२१ मधील सर्वेक्षणाचा प्रकरण अभ्यास

१९२१ साली एव्हरेस्टकडे गेलेली पहिली मोहीम बहुतेक वाचकांना गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांच्या नावामुळे माहीत असते. गिर्यारोहणाच्या दृष्टीने ती पाहणीची मोहीम होती. शिखराकडे जाणारी वाट कोणत्या बाजूने असू शकेल याचा अंदाज घेणे हे तिचे मुख्य काम होते. तिच्यासोबत गेलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तुकडीचे काम माझ्या मते त्याहून अधिक टिकाऊ ठरले. ज्या प्रदेशातील एकही हिमनदी तोवर कागदावर आलेली नव्हती, त्या प्रदेशाचा प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेला नकाशा या तुकडीने एका हंगामात उभा केला. प्रस्तुत अभ्यासात त्या कामातील एका प्रश्नावर भर दिला आहे: एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखालचा बर्फ नेमका कोणत्या दरीत उतरतो? अनुभवी गिर्यारोहकांना महिनाभर हुलकावणी देणारा हा प्रश्न सर्वेक्षकाच्या नेहमीच्या कामातून सुटला. तो तसा का सुटला, हे समजून घेतले म्हणजे डोंगराळ आणि निर्मनुष्य मुलखाचा स्थलनिर्देशक नकाशा कसा तयार होतो, याचीही बरीच उकल होते.

आधीची स्थिती

एव्हरेस्टचे स्थान आणि उंची यांची गणिते तोवर कित्येक दशकांपूर्वीच झालेली होती. १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातील निरीक्षण केंद्रांवरून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, थिओडोलाइटने (कोन मोजण्याच्या दुर्बिणीच्या यंत्राने) या शिखराचे कोन मोजले गेले आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर झाले. शिखराचा माथा असा काही सेकंदांच्या अचूकतेने नकाशावर बसला होता, पण त्याचा पायथा मात्र कोणीही पाहिलेला नव्हता. १९०४ मध्ये ब्रिटिशांच्या ल्हासाच्या मोहिमेनंतर रॉलिंग आणि रायडर या ब्रिटिश अधिकाऱ्यांची तुकडी त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेली, तेव्हा त्यांना एव्हरेस्टची उत्तर बाजू फार दुरून दिसली. १९१३ मध्ये जॉन नोएल हे ब्रिटिश लष्करी अधिकारी वेषांतर करून सुमारे ६५ किलोमीटर अंतरापर्यंत पोहोचले आणि तेथून त्यांना परत फिरावे लागले. नेपाळची सीमा परकीयांना बंद होती. १९२० च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश अधिकारी चार्ल्स बेल यांच्या प्रयत्नांतून दलाई लामांची परवानगी मिळाली, तेव्हाच तिबेटच्या बाजूने जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

मोहिमेचे नेते लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉवर्ड-बरी होते. सर्वेक्षण विभागाकडून मेजर हेन्री मोर्सहेड आणि मेजर एडवर्ड ऑलिव्हर व्हीलर हे दोन अधिकारी, लालबीरसिंग थापा, गुज्जरसिंग व तुराबाझ खान हे सर्वेक्षक, छायाचित्रकार अब्दुल जलील खान आणि खलाशांची (सर्वेक्षणात मदत करणाऱ्या मजुरांची) एक तुकडी होती. भूगर्भशास्त्रज्ञ ए. एम. हेरॉन हेही बरोबर होते. त्या वेळचे महासर्वेक्षक कर्नल रायडर, म्हणजे १९०४ साली हाच मुलूख दुरून पाहिलेले गृहस्थ. त्यामुळे या तुकडीच्या मागे कार्यालयाचे बळ होते, असे मानायला हरकत नाही. मोहिमेची सुरुवात चांगली झाली नाही. उंचीवरील शरीरक्रियेचे जाणकार डॉ. अलेक्झांडर केलास यांचा ५ जूनला खांबा झोंगजवळ मृत्यू झाला आणि ज्येष्ठ गिर्यारोहक हॅरोल्ड रेबर्न आजारी पडून सिक्कीमला परतले. एव्हरेस्टच्या जवळ जाऊन वाट शोधण्याचे काम त्यामुळे मुख्यतः मॅलरी आणि गाय बुलॉक या दोघांवर आले.

दोन मापे, दोन पद्धती

सर्वेक्षणाचे काम दोन भागांत विभागले होते. मोर्सहेड आणि सर्वेक्षकांनी एक इंचास चार मैल या प्रमाणावर सुमारे १२,००० चौरस मैल, म्हणजे जवळपास ३१,००० चौरस किलोमीटर नवा मुलूख मोजला. हे क्षेत्र आजच्या महाराष्ट्राच्या सुमारे एक दशांश भरते. व्हीलर यांच्याकडे शिखराच्या लगतचा सुमारे ६०० चौरस मैलांचा भाग होता आणि तो एक इंचास एक मैल या प्रमाणावर, छायाचित्रांच्या साहाय्याने मोजायचा होता.

मोर्सहेड यांच्या पथकाचे मुख्य साधन प्लेन टेबल हे होते. तिपाईवर बसवलेली सपाट फळी, तिच्यावर कागद, कागदावर आधीच बसवलेली ज्ञात शिखरे, दिशा घेण्यासाठी दृष्टिपट्टी, आणि चढ-उतार मोजण्यासाठी पितळी क्लिनोमीटर, एवढाच सरंजाम. सर्वेक्षक एखाद्या डोंगरधारेवर चढून फळी समपातळीत आणतो, होकायंत्राने ती ढोबळमानाने उत्तरेकडे लावतो आणि मग तीन ज्ञात शिखरांवर दृष्टी धरून प्रत्येकापासून आपल्याकडे येणारी रेषा कागदावर ओढतो. फळीची दिशा अगदी बरोबर असेल तर तिन्ही रेषा एका बिंदूत मिळतात आणि तोच सर्वेक्षकाचा ठिकाणा ठरतो. बहुधा त्या मिळत नाहीत. एक लहानसा त्रिकोण उरतो. त्या त्रिकोणाचा आकार आणि त्याची बाजू पाहून फळी किंचित फिरवायची, रेषा पुन्हा ओढायच्या आणि त्रिकोण नाहीसा होईपर्यंत हे करत राहायचे. साडेपाच हजार मीटर उंचीवर, वाऱ्यात, पेन्सिल धरलेली बोटे बधिर झालेली असताना केलेले हे काम असते. ठिकाणा पक्का झाला की मगच आजूबाजूच्या ओढ्यांच्या, धारांच्या, खिंडींच्या दिशा घेता येतात, आणि समोर दिसणारी जमीन तेथेच उभे राहून रेखाटायची असते. या पद्धतीत ज्ञात शिखरे हाच सगळा आधार असतो. भारताच्या बाजूने फार पूर्वी मोजलेली हिमालयाची शिखरे तिबेटच्या पठारावरूनही दिसतात, म्हणून एकाही नव्या आधाररेषेवाचून एवढा मोठा मुलूख काही महिन्यांत जुन्या भारतीय त्रिकोणजाळ्याला जोडला गेला. मोर्सहेड यांच्यासोबत काम करणाऱ्या तिन्ही सर्वेक्षकांची नावे मोहिमेच्या गाजलेल्या कथांत क्वचितच येतात, ही मला फार खटकणारी गोष्ट वाटते. नकाशातील बहुतांश चौरस मैल त्यांच्या पायांनी आणि हातांनी भरलेले आहेत.

व्हीलर यांची पद्धत कॅनडातून आली होती. त्यांचा जन्म १८९० साली ओटावा येथे झाला. वडील आर्थर व्हीलर रॉकी पर्वतातील नामांकित सर्वेक्षक होते. कॅनडाचे महासर्वेक्षक एदुआर देव्हिल यांनी उन्हाळा अगदीच लहान असलेल्या डोंगरांसाठी छायाचित्रांवरून नकाशा करण्याची रीत तेथे रुजवली होती. डोंगरावर मोजकाच वेळ लागावा आणि रेखाटनाचे दीर्घ काम हिवाळ्यात कार्यालयात बसून करता यावे, हा तिचा हेतू. एव्हरेस्टच्या परिसरात पावसाळ्यातील ढग दिवसाच्या पहिल्या प्रहरानंतर खाली उतरू लागतात. अशा ठिकाणी शिखरावरून दोन तास रेखाटत बसण्यापेक्षा ढगांच्या फटीतून मिळालेली पंधरा मिनिटे कॅमेऱ्यातील छायाचित्राच्या काचेवर टिपून घेणे केव्हाही शहाणपणाचे होते.

या पद्धतीचे गणित साधे आहे आणि ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. कॅमेरा समपातळीत ठेवून घेतलेल्या चित्रावर क्षितिजाची रेषा आणि मध्याची उभी रेषा निश्चित करता येते. समजा, भिंगाचे नाभीय अंतर १५० मिलिमीटर आहे आणि एखादा खडक चित्रात मध्यरेषेच्या ३० मिलिमीटर उजवीकडे व क्षितिजरेषेच्या २० मिलिमीटर वर आहे. ३० भागिले १५० हे त्या खडकाच्या दिशेच्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर (टॅन्जंट); म्हणजे कॅमेऱ्याच्या मध्यदिशेपासून तो खडक सुमारे ११ अंश उजवीकडे आहे. दुसऱ्या ठाण्यावरून, म्हणजे कॅमेरा लावण्याच्या दुसऱ्या जागेवरून, घेतलेल्या चित्रात तोच खडक ओळखता आला की दुसरी दिशा मिळते, आणि दोन्ही दिशा जेथे छेदतात तेथे नकाशावर खडकाची जागा ठरते. त्यावरून अंतर समजले, समजा ६ किलोमीटर, की उंचीचा फरक काढता येतो: या उदाहरणात तो सुमारे ७८४ मीटर येतो. काचेवर वाचताना दशांश मिलिमीटरची चूक झाली तर उंचीत जवळपास चार मीटरचा फरक पडतो. पृथ्वीची वक्रता आणि हवेतील प्रकाशाचे वक्रीभवन यांसाठी या अंतरावर सुमारे अडीच मीटरची दुरुस्ती लागते आणि अंतर १५ किलोमीटर झाले की तीच दुरुस्ती १५ मीटरच्या घरात जाते. असे शेकडो बिंदू बसवून झाल्यावर, छायाचित्रे डोळ्यांसमोर ठेवून त्यांच्यामधून समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) ओढल्या जातात.

यातून एक बंधन आपोआप येते. जमिनीचा प्रत्येक तुकडा किमान दोन ठाण्यांवरून दिसलाच पाहिजे. एका बाजूच्या धारेवरून दरीचा जो भाग आडोशाला जातो, त्यासाठी सर्वेक्षकाला पलीकडच्या धारेवर चढावेच लागते. त्याला आवडो वा न आवडो, तिकडे चढाईचा मार्ग असो वा नसो. पुढे जे घडले त्याचे मूळ या बंधनात आहे, असे मी मानतो.

प्रश्न

मॅलरी आणि बुलॉक जूनच्या अखेरीस रोंगबुक दरीत पोहोचले. दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर एव्हरेस्टची उत्तर भिंत उभी, आणि तिच्या पायथ्यापासून त्यांच्याकडे वाहत येणारी मुख्य रोंगबुक हिमनदी. शिखराची ईशान्य बाजू आणि तिच्यासमोरचे चांगत्से हे शिखर यांच्यामध्ये सुमारे ७,००० मीटर उंचीची खिंड आहे. तीच उत्तर खिंड, चांग ला. या खिंडीपर्यंत पोहोचता आले तर तेथून वरची धार चढण्याजोगी दिसते, हे त्यांच्या लवकर लक्षात आले. परंतु मुख्य हिमनदीच्या बाजूने खिंडीकडे जाणारा उतार अतिशय तीव्र आणि धोक्याचा होता. म्हणून खिंडीच्या पूर्वेकडून, पलीकडच्या बाजूने येता येईल का, हा प्रश्न उभा राहिला.

खिंडीच्या पूर्वेस बर्फाचा मोठा साठा असणार, हे उघड होते. तो पूर्वेला खार्टा नदीच्या खोऱ्यात उतरत असावा, असा त्यांनी तर्क केला. हा तर्क निराधार नव्हता. पूर्वेच्या उतारावरचा बर्फ पूर्वेकडे वाहणे हे कोणालाही स्वाभाविक वाटेल. रोंगबुक हिमनदीच्या पूर्व काठावर, तिच्या तोंडापासून थोडे वर, एका अरुंद घळीतून एक ओढा येऊन मिळतो, हेही त्यांनी पाहिले होते. पण तो प्रवाह एखाद्या लहानशा हिमनदीचा असावा असे समजून ते पुढे गेले. त्यांचा पुढचा बराच वेळ पश्चिमेकडील शाखेत गेला आणि १९ जुलैला पुमोरी शिखराजवळच्या एका खिंडीतून त्यांनी एव्हरेस्टच्या दक्षिणेकडील वेस्टर्न कुम ही बर्फाळ दरी प्रथमच पाहिली. जुलैच्या शेवटी ते रोंगबुक सोडून खार्टाकडे निघाले.

ज्या घळीजवळून ते पुढे गेले, तिच्यामागे पूर्व रोंगबुक ही सुमारे बारा किलोमीटर लांबीची मोठी हिमनदी आहे. ती उत्तर खिंडीच्या थेट खालून निघते, चांगत्सेला पूर्वेकडून वळसा घालते आणि पश्चिमेला वळून त्याच अरुंद घळीतून मुख्य दरीत पाणी सोडते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना याची कल्पना येईल: समोरून पाहिले तर कड्याला नुसती भेग दिसते, आणि आत शिरल्यावर नाळ एवढी रुंद निघते की तिच्यातून अख्खा गाव चढून जाईल.

मॅलरींवर यासाठी नंतर पुष्कळ टीका झाली. ती मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या, दगडगोट्यांनी झाकलेले ते मुख मुख्य हिमनदीच्या पृष्ठावरून ओळखणे खरोखर अवघड आहे. आणि मुळात ते दोघे वाट शोधत होते. वाट शोधणारा माणूस धारा, खिंडी आणि उतार यांच्याकडे पाहतो, प्रत्येक ओढ्याचे उगमस्थान तपासत नाही. मात्र एक दोष नोंदवायला हवा. पाणी किती आहे आणि ते कोठून येते हा दरीच्या आकाराचा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो, आणि तो पुरावा हाताशी असूनही त्याचा पाठपुरावा झाला नाही. मॅलरी यांनी कॅमेऱ्यात काचा उलट बसवल्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांतील त्यांची बरीच छायाचित्रे वाया गेली होती, हेही येथे लक्षात घ्यावे. डोळ्यांनी पाहून विसरलेली गोष्ट चित्रात पुन्हा सापडण्याची शक्यता त्यामुळे उरली नाही.

उत्तर

व्हीलर यांनी जुलै महिना क्येत्राक हिमनदीच्या बाजूला, रोंगबुकच्या पश्चिमेस काढला होता. पावसाळी ढगांमुळे एकेका ठाण्यावर त्यांना तासन्‌तास थांबावे लागे. कधी पूर्ण दिवस वाया जाई आणि दुसऱ्या दिवशी तीच चढण पुन्हा चढावी लागे. कॅमेरा, थिओडोलाइट, तिपाई आणि काचांच्या पेट्या ही सारी ओझी दार्जिलिंगहून आलेल्या शेर्पा आणि भोटिया हमालांच्या पाठीवर होती. छायाचित्रांची काच एकदा फुटली की त्या ठाण्याचे सगळे काम गेले, ही जाणीव प्रत्येक पावलाला असे.

ते रोंगबुकमध्ये आले तेव्हा मॅलरी आणि बुलॉक दरी सोडून जात होते. व्हीलर यांना मुख्य हिमनदीच्या दोन्ही काठांवर ठाणी हवी होती. पूर्व काठाचा मागचा भाग पश्चिमेच्या कोणत्याही ठाण्यावरून आडोशालाच जात होता, म्हणून त्या बाजूला चढणे आणि घळीत शिरणे त्यांच्या कामाचा साधा भाग होता. ऑगस्टच्या सुरुवातीला ते आत गेले आणि समोर हिमनदीचा प्रशस्त पट्टा दिसला. त्यांनी घाईने एक कच्चा आराखडा काढून हॉवर्ड-बरी यांच्याकडे पाठवला व तो खार्टा दरीत मॅलरींना मिळाला. त्या आराखड्याचा खार्टाच्या बाजूचा भाग मॅलरींच्या स्वतःच्या निरीक्षणांशी जुळत नव्हता, म्हणून त्यांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. अपुऱ्या आराखड्यातील एक चूक दिसली की त्यातील बरोबर भागावरही शंका येते. हा अनुभव आजही क्षेत्रकाम करणाऱ्या प्रत्येकाला येतो. घाईत पाठवलेल्या कागदावर मोजलेले किती आणि अंदाजाचे किती, हे वेगळ्या रेषांनी दाखवणे म्हणूनच फार महत्त्वाचे असते.

१८ ऑगस्टला मॅलरी, बुलॉक आणि मोर्सहेड खार्टाच्या शिरोभागी असलेल्या ल्हाक्पा ला या सुमारे ६,८०० मीटर उंचीच्या खिंडीवर पोहोचले. तेथून त्यांना पलीकडे, खाली, उत्तर खिंडीच्या पायथ्याशी पसरलेली हिमनदी दिसली. ती खार्टाकडे येत नाही, हे आता स्पष्ट झाले. तिचे तोंड त्या जागेवरून दिसत नव्हते, पण व्हीलर यांच्या आराखड्याने ते आधीच सांगितले होते. २४ सप्टेंबरला मॅलरी, बुलॉक आणि व्हीलर उत्तर खिंडीवर उभे राहिले. प्रचंड वाऱ्यामुळे पुढे जाणे शक्य नव्हते आणि व्हीलर यांचे पाय थंडीने बधिर झाले होते. सारा शिधा आणि सामान खार्टाच्या बाजूला असल्याने त्यांनी ल्हाक्पा लाची लांब, उंच वाट धरली होती. १९२२ च्या मोहिमेने ती वाट सोडली आणि थेट पूर्व रोंगबुकवरून टप्प्याटप्प्याने तळ उभारत खिंड गाठली. उत्तर बाजूने चढणारे गिर्यारोहक आजही त्याच हिमनदीवरून जातात.

नकाशाची मर्यादा

व्हीलर यांच्या नकाशाचे मूल्य मान्य करूनही त्याच्या उणिवा सांगायला हव्यात. छेदनपद्धतीत दोन चित्रांतील एकच बिंदू ओळखता यावा लागतो. खडकाळ धारेवर ते जमते. एकसारख्या पसरलेल्या बर्फावर मात्र दोन्ही चित्रांत ओळखीची खूणच नसते. त्यामुळे हिमनद्यांच्या वरच्या, गुळगुळीत भागांतील समोच्च रेषा थोड्याशा बिंदूंवर आणि रेखाटणाऱ्याच्या समजुतीवर उभ्या असतात. जोडचित्रांतून खोली पाहणारी यंत्रे वापरात आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. १९३५ च्या मोहिमेत मायकेल स्पेंडर यांनी त्या पद्धतीने उत्तर बाजूचे अधिक मोठ्या प्रमाणावर सर्वेक्षण केले.

दुसरी उणीव राजकीय सीमेची होती. मॅलरी आणि बुलॉक यांनी वरून पाहिलेला वेस्टर्न कुमचा भाग नेपाळच्या हद्दीत होता, त्यामुळे १९२१ च्या कामात तो मोजण्याचा प्रश्नच नव्हता. १९२४ ते १९२७ या काळात भारतीय सर्वेक्षकांनी नेपाळचे एक इंचास चार मैल प्रमाणावर सर्वेक्षण केले. शिखराच्या दक्षिणेकडील उंच हिमनद्या त्यात ढोबळपणेच आल्या. एर्विन श्नायडर यांच्या मोजणीवर आधारलेला १:२५,००० प्रमाणाचा महालंगूर हिमालचा नकाशा १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दक्षिण बाजूलाही तपशीलवार समोच्च रेषा मिळाल्या.

मोर्सहेड १९२२ च्या मोहिमेत गिर्यारोहक म्हणून पुन्हा गेले आणि हिमदंशाने त्यांच्या काही बोटांची टोके गमवावी लागली. १९३१ मध्ये ब्रह्मदेशात त्यांची हत्या झाली. व्हीलर १९४१ मध्ये भारताचे महासर्वेक्षक झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते.